जुन्या गाडीत प्रीमियम पेट्रोल घातलं तर ॲव्हरेज वाढतं का?



सोसायटीच्या ऑफिसात डिझेल सबसिडीचे कागद घेऊन लोक येतात, तेव्हा हल्ली आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "सेक्रेटरी, ओमनी जुनी झालीय, ॲव्हरेज पार पडलंय. पंपावर सांगतात प्रीमियम घाला, फरक पडेल. घालू काय?"

आपल्या बऱ्याच घरांत जुनी ओमनी किंवा मारुती ८०० आहे. पहाटे जेटीवरून नुस्तं उचलायचं आणि म्हापसा, पणजी, मडगावच्या मार्केटात पोचवायचं, कोणी चोर्ला घाटातून बेळगावपर्यंतही जातं. नवी गाडी घेणं सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे आहे तीच चालवायची. अशा वेळी लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देऊन जर खरोखर पैसे वाचत असतील तर ते समजायला हवं, आणि वाचत नसतील तर तेही समजायला हवं.

उत्तर आधीच सांगतो. गाडीच्या पुस्तकात साधं पेट्रोल चालेल असं लिहिलं असेल, तर जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने जुन्या गाडीचं ॲव्हरेज पैसे वसूल होतील इतकं वाढत नाही. बहुतेक वेळा वाढतच नाही. गाडीचं ॲव्हरेज पडलं असेल तर त्याचं कारण टाकीत नाही, दुसरीकडे आहे. ते कुठे, ते खाली सांगितलं आहे. थोडं लांबलं आहे, पण सावकाश वाचा.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पंपावर ९१, ९५, ९९, १०० असे आकडे दिसतात. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ आणि एक्सपी १००, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर, भारत पेट्रोलियमचं स्पीड अशी नावं आपण पाहतो. नावं ऐकून वाटतं की आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये जोर जास्त, म्हणजे गाडी जास्त पळणार. इथेच गफलत होते.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे ते सांगत नाही. पेट्रोल दाबलं, तापवलं, तर ठिणगी पडायच्या आधी ते आपोआप पेटण्याला किती विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. प्रयोगशाळेत दोन द्रव घेतात. एकाचं नाव आयसो-ऑक्टेन, ते आपोआप सहज पेटत नाही, त्याला १०० धरतात. दुसरं हेप्टेन, ते फार लवकर पेटतं, त्याला शून्य धरतात. ९१ भाग पहिलं आणि ९ भाग दुसरं मिसळल्यावर जसं वागतं तसं एखादं पेट्रोल वागलं, तर त्याचं ऑक्टेन ९१.

आपल्या धंद्यातलंच उदाहरण देतो. ज्यांनी रॉकेलवर चालणारं मशीन कनोला लावलेलं आहे त्यांना माहीत आहे, पेट्रोलवर स्टार्ट करायचं आणि गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायचं. रॉकेलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूप कमी असतं. पण एका लिटरमध्ये ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा थोडी जास्तच असते. उलट बाजूला इथेनॉल घ्या. त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर जातं, पण एका लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, तर इथेनॉलच्या लिटरमध्ये साधारण २१.

म्हणजे ऑक्टेन कमी आणि ऊर्जा जास्त असं होऊ शकतं, आणि ऑक्टेन जास्त आणि ऊर्जा कमी असंही होऊ शकतं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ॲव्हरेज ठरतं ते ऊर्जेवर, आणि इंजिन त्या ऊर्जेचा किती नीट वापर करतं त्यावर.

मग ऑक्टेन लागतं कशाला?

इंजिनात पिस्टन वर येतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. अगदी वर येता येता प्लगची ठिणगी पडते, आग एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत पसरत जाते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे सगळं वेळेत व्हायला हवं.

रापण ओढताना कसं असतं? दोन्ही बाजूचे गडी एका सुरात ओढतात. एका बाजूच्या चार जणांनी मध्येच हिसका दिला तर जाळं वेडंवाकडं येतं आणि मासळी निसटते. इंजिनात तसंच होतं. ठिणगीची आग पोचायच्या आधीच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं, तर पिस्टनवर नको तेव्हा दणका बसतो. बाहेर आपल्याला टक-टक, खड-खड असा आवाज येतो. मेस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. चढणीला, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला की तो जास्त ऐकू येतो.

इंजिन मिश्रण जितकं जास्त दाबतं, तितकं ते आपोआप भडकायचा धोका जास्त. या दाबण्याच्या मापाला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. जास्त रेशोच्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतं, कमी रेशोच्या इंजिनाला कमी ऑक्टेन पुरतं. ऑक्टेनचं काम एवढंच, नॉकिंग होऊ न देणं. जिथे नॉकिंग होतच नाही तिथे जास्तीच्या ऑक्टेनला करण्यासारखं काही उरत नाही.

जुन्या गाडीला किती ऑक्टेन हवं?

मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरमध्ये. ओमनी त्यानंतर वर्षभरात आली, त्याच ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ९ च्या आत होता. आजच्या बऱ्याच नव्या गाड्यांत तो ११-१२ च्या आसपास असतो. म्हणजे आपली जुनी ओमनी पेट्रोल तितकंसं दाबतच नाही.

आता हे बघा. बीएस-२ च्या काळात आपल्या देशातल्या साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ८८ होतं. बीएस-३ पासून ते ९१ झालं, आणि २०१० मध्ये ते देशभर लागू झालं. २००३-०४ सालची ओमनी ८८ च्या काळात जन्मलेली आहे, त्या पेट्रोलवर ती व्यवस्थित पळत होती. म्हणजे आज पंपावर जे 'साधं' म्हणून मिळतं तेच तिच्यासाठी प्रीमियम आहे. त्यात आणखी भर घालून तिला मिळणार काय?

दुबईत, कुवेतला नोकरीला असलेले आपले लोक सुट्टीवर आले की सांगतात, तिथे आम्ही ९५ नाहीतर ९८ च घालतो. बरोबर आहे, दुबईच्या पंपावर ९८, ९५ आणि ९१ असे तीन प्रकार असतात. पण तिथेही ज्या गाडीला ९१ चालतं तिला ९८ घालून काही जास्त मिळत नाही. अमेरिकेतला कोणी सांगेल की आमच्याकडे साधं पेट्रोल ८७ चं असतं, तर घाबरू नका. ते आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.

नव्या गाडीला फरक पडतो, जुन्या गाडीला का नाही?

हा प्रश्न हुशार आहे, कारण काही गाड्यांना खरोखर थोडा फरक पडतो.

नव्या गाड्यांत इंजिनवर एक नॉक सेन्सर असतो. तो नॉकिंग सुरू होताच कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ठिणगी उशिरा म्हणजे इंजिन वाचलं, पण ताकद आणि ॲव्हरेज थोडं कमी. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं की नॉकिंग होत नाही, मग कॉम्प्युटर ठिणगी पुन्हा योग्य वेळेवर आणतो. काही गाड्यांना प्रीमियमने फायदा होतो तो असा.

कार्बोरेटरच्या ओमनीत ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवतो, त्यालाच काही मेस्त्री डेल्को म्हणतात. मेस्त्रीने ती जिथे बसवली तिथेच राहते. टाकीत ९१ आहे की १००, हे त्या गाडीला कळायचा मार्गच नाही. कळत नाही तर फायदा कुठून घेणार? २००० नंतरच्या इंजेक्शनवाल्या जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर आहे, पण इंजिन मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेलं. ते साध्या पेट्रोलवर नॉकिंग करत नसेल तर तिथेही गोष्ट तीच.

अमेरिकेत एएए नावाची वाहनचालकांची मोठी जुनी संघटना आहे. त्यांनी २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून तपासणी केली. ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातच म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. गरज नसताना प्रीमियम घालून अमेरिकेतले लोक वर्षाला २.१ अब्ज डॉलर वाया घालवतात असा अंदाज त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनी प्रीमियमची 'शिफारस' करते अशा गाड्या तपासल्या. तिथे ॲव्हरेज वाढलं, पण सरासरी २.७ टक्के. म्हणजे प्रीमियमसाठीच जमवलेल्या गाडीलाही एवढंच.

पैशाचा हिशेब

आता आपल्या खिशाचा हिशेब. आकडे सोपे व्हावेत म्हणून धरून चालू की साधं पेट्रोल १०० रुपये आणि प्रीमियम १०८ रुपये लिटर. तुमच्या पंपावरचे भाव घालून तुम्ही हाच हिशेब करू शकता.

ओमनी लिटरला १४ किलोमीटर देते असं धरा. दिवसाला ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५०० किलोमीटर. त्याला साधारण १०७ लिटर पेट्रोल लागलं. प्रीमियम घातलं तर महिन्याला सुमारे ८५० रुपये जास्त गेले. बंदीचे दोन महिने सोडून दहा महिने धरले तर साडेआठ हजार.

हे पैसे नुसते वसूल व्हायचे तर ॲव्हरेज ८ टक्के वाढायला हवं. म्हणजे १४ ची गाडी १५.१ वर जायला हवी. त्याच्या वर गेली तर कुठे एक रुपया वाचायला सुरुवात. वर सांगितलं तसं, प्रीमियमसाठी बनलेल्या गाड्यांनाही सरासरी २.७ टक्केच मिळाले. मग आपल्या वीस वर्षं जुन्या ओमनीला ८ टक्के कुठून मिळतील?

साडेआठ हजार रुपये म्हणजे जाळ्याची दुरुस्ती, नाहीतर पोराच्या कॉलेजची फी. मार्केटात एका पाटीमागे पन्नास रुपयांसाठी आपल्या बायका घासाघीस करतात. तेच पैसे पंपावर न विचारता द्यायचे का, हे प्रत्येकाने ठरवावं.

"पण मला फरक जाणवला"

असं सांगणारे सभासद आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. पण फरक कशामुळे पडला ते बघायला हवं.

एक म्हणजे, महाग पेट्रोल घातलं की माणूस आपोआप सांभाळून चालवतो. रेस कमी, ब्रेक कमी. त्यानेच ॲव्हरेज वाढतं. दुसरं, बऱ्याचदा सर्व्हिसिंग करून आणल्यावरच लोक प्रीमियम घालून बघतात, मग श्रेय पेट्रोलला जातं. तिसरं, एकाच टाकीवर हिशेब केला जातो. त्या आठवड्यात लोड कमी असेल, रस्ता मोकळा असेल, तर आकडा वेगळा येणारच.

चौथी गोष्ट खरी आहे, ती मान्य करायला हवी. प्रीमियम पेट्रोलमध्ये ऑक्टेनशिवाय सफाईची औषधंही असतात. ती इंजेक्टरवर, व्हॉल्व्हवर साचणारा मळ कमी करतात. इंजेक्टर खरोखर मळलेले असतील तर इंजिन थोडं सुधारू शकतं. पण तो फायदा सफाईचा आहे, ऑक्टेनचा नव्हे, आणि एकदा साफ झाल्यावर तो पुन्हा पुन्हा वाढत जात नाही. इंजेक्टर किंवा कार्बोरेटर मेस्त्रीकडून साफ करून घेतला तर तेच काम होतं. आणखी एक, जुन्या गंजलेल्या टाकीत ही औषधं साचलेला गाळ सुटा करू शकतात आणि फिल्टर चोंदू शकतो. म्हणून जुन्या गाडीत आधी पेट्रोल फिल्टर बदललेला बरा.

इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडलं, त्यावर प्रीमियम हा उपाय आहे का?

हा आताचा गरम विषय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. वर सांगितलं तसं इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सुमारे ६-७ टक्के कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात विना-इथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांवर जमवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्के पडेल असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे १४ ची गाडी १३ वर आली तर त्यात पेट्रोलचा वाटा आहे, हे खरं.

पण गंमत बघा. इथेनॉलमुळे ऑक्टेन उलट वाढतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ठरवलेलं किमान ऑक्टेनच ९५ आहे. ऑक्टेन वाढलं आणि ॲव्हरेज पडलं, दोन्ही एकाच वेळी. 'ऑक्टेन जास्त तर ॲव्हरेज जास्त' हा समज खोटा आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

आणि प्रीमियम म्हणजे विना-इथेनॉल असं समजू नका. प्रीमियम नावाच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असू शकतं. कोणी इथेनॉल नाही म्हणून विकत असेल तर पंपावर स्पष्ट विचारा, आणि त्याचा लिटरचा भाव बघून वरचाच हिशेब करा. ६-७ टक्के वाचवायला भाव त्याहून किती तरी जास्त असेल तर उपयोग नाही.

जुन्या गाडीवाल्यांनी यात खरी काळजी घ्यायची ती रबराची. जुने रबरी पाइप, वॉशर, कार्बोरेटरची पॅकिंग या पेट्रोलने फुगतात, कडक होतात, चिरतात. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, पाइप ओलसर दिसत असेल, तर त्याच दिवशी मेस्त्रीला दाखवा. थेंब-थेंब गळतीने ॲव्हरेज तर जातंच, पण आगीचा धोका असतो. ओमनीत इंजिन पुढच्या सीटखालीच आहे, हे विसरू नका.

मग ॲव्हरेज पडतं कशाने?

आता मुद्द्याची गोष्ट. जी गाडी १६ देत होती ती १२-१३ वर आली, तर बघायचं ते इथे.

एअर फिल्टर. कार्बोरेटरच्या गाडीत चोंदलेला एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज २ ते ६ टक्के सुधारतं असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते. फारच चोंदला असेल तर त्याहून जास्त. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर सांभाळून घेतो म्हणून ॲव्हरेजला एवढा फरक पडत नाही, पण पिकअपला पडतो. आपल्याकडे जेटीच्या रस्त्यावरची धूळ आणि खारी हवा, फिल्टर लवकर खराब होतो.

प्लग आणि ट्यूनिंग. ओमनीला तीनच प्लग. एक जरी नीट पेटत नसेल तर एक तृतीयांश इंजिन फुकट पेट्रोल पितं. प्लग काढून बघा. काळे ओले असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय.

चोक. कार्बोरेटरच्या गाडीत चोकची केबल खाऱ्या हवेने गंजते आणि चोक अर्धवट ओढलेला राहतो. गाडी पेट्रोल ढोसत राहते आणि आपण पंपाला नाव ठेवतो.

थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून काही गॅरेजांत थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन लवकर गरम होत नाही, थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. मार्केटच्या छोट्या-छोट्या फेऱ्यांत हे फार जाणवतं.

ब्रेक. मासळीचं आणि वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी खाली गळतं, मागचे ड्रम गंजतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. फेरी मारून आल्यावर चाकाजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलेलं वाटलं तर ब्रेक धरतोय असं समजा.

टायरमधली हवा. ती बरोबर ठेवली तर सरासरी अर्ध्या टक्क्याच्या वर, काही वेळा ३ टक्क्यांपर्यंत फरक पडतो. आणि हवा भरायला कितीसा खर्च येतो?

वजन. साधारण ४५ किलोमागे १ टक्का ॲव्हरेज जातं, लहान गाडीत त्याहून जास्त. मासळी उतरवून परत येताना रिकामे क्रेट, भिजलेला भुसा, जुनी दोरी, उरलेलं बर्फाचं पाणी हे सगळं गाडीत फिरवू नका.

महिन्याच्या त्या ८५० रुपयांत एअर फिल्टर आणि तीन प्लग साधारणपणे बसतात. एकदा बदलले की महिनोन्‌महिने चालतात. प्रीमियमचे पैसे मात्र दर टाकीला नव्याने द्यावे लागतात.

खडखड ऐकू आली तर

इथे नीट लक्ष द्या, कारण इथे नुकसान मोठं होऊ शकतं.

जुनी गाडी चढणीला खडखडायला लागली, कोणी सांगितलं म्हणून प्रीमियम घातलं आणि आवाज कमी झाला, असं होऊ शकतं. पण आवाज थांबला म्हणजे आजार बरा झाला असं नाही. ज्या गाडीला ८८ चालत होतं तिला आज ९१-९५ पण पुरत नसेल, तर आत काहीतरी बिघडलेलं आहे. पिस्टनवर कार्बनचा थर साचलेला असेल, रेडिएटर चोंदून इंजिन तापत असेल, टायमिंग पुढे गेलेलं असेल, चुकीचे प्लग लावलेले असतील, किंवा हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात असेल. प्रीमियम घालून चालवत राहिलात तर आजार झाकला जातो आणि एक दिवस हेड गॅस्केट जातं, नाहीतर पिस्टन जातो. तेही चोर्ला घाटात, मागे दोनशे किलो इसवण आणि वितळणारा बर्फ असताना. गाडी टो करून आणायचा खर्च वेगळा आणि मालाचं नुकसान वेगळं.

म्हणून खडखड आली तर आधी खालच्या गिअरात जा, ॲक्सिलरेटर हलका करा, टेंपरेचरचा काटा बघा. परत आल्यावर मेस्त्रीला दाखवा. त्याच्याकडे जाईपर्यंतच्या चार दिवसांसाठी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर हरकत नाही, पण तो उपचार नव्हे.

आणि "प्रीमियम घालताय ना, मग टायमिंग थोडं पुढे करून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. उद्या दुसऱ्या पंपावर साधं पेट्रोल भरावं लागलं की तीच गाडी नॉकिंग करणार.

प्रीमियम कोणी घालावं?

ज्या गाडीच्या पुस्तकात किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं आहे त्यांनी जरूर घालावं, तिथे काटकसर करू नये. काही टर्बो गाड्या, परदेशी गाड्या, मोठ्या स्पोर्ट्स बाइक यांत असं असतं. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर मॉडेल आणि साल सांगून विचारा.

कनोच्या पेट्रोल मशीनचं काय?

लहान आउटबोर्ड मशीनांनाही बहुतेक साधंच पेट्रोल पुरतं, पुस्तकात बघून खात्री करा. तिथे ऑक्टेनपेक्षा पाणी हा मोठा शत्रू. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि मशीन नेमकं तळातूनच खेचतं. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात टाकीत पेट्रोल भरून ठेवू नका. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवा, झाकण घट्ट ठेवा. महाग पेट्रोल घातलं म्हणून ते दोन महिने टिकेल असं धरू नका. आणि ट्रॉलर डिझेलवर चालतात, त्यांचा या ऑक्टेनशी संबंध नाही.

स्वतः तपासून बघा

माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. वही घ्या. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर टाकी फुल करा, पहिला क्लिक झाला की थांबवा. किलोमीटर लिहा. रोजच्यासारखी गाडी चालवा. पुन्हा तसंच फुल करा, किती लिटर गेलं ते लिहा. किलोमीटर भागिले लिटर म्हणजे तुमचं ॲव्हरेज. साध्या पेट्रोलच्या तीन टाक्या, मग प्रीमियमच्या तीन टाक्या. मार्ग तोच, लोड साधारण तेवढाच, टायरची हवा तीच. मध्ये सर्व्हिसिंग करू नका, नाहीतर हिशेब बिघडेल. काट्यावर जाऊ नका, जुन्या गाडीचा काटा कधीच खरं बोलत नाही.

शेवटी दोन्हीकडे किलोमीटरमागे किती रुपये पडले ते काढा. प्रीमियमला कमी पडले तर खुशाल प्रीमियम घाला. जास्त पडले तर तेच पैसे फिल्टर, प्लग आणि ब्रेकवर घाला.

ज्या कोणी सहा टाक्यांचा हिशेब पूर्ण केला त्यांनी गाडीचं मॉडेल, साल आणि आकडे ऑफिसात आणून द्यावेत किंवा इथे खाली लिहावेत. पाच-दहा गाड्यांचे आकडे जमले की सगळ्यांसाठी एकत्र तक्ता करून लावू. वहिनी, मावशी, ज्या स्वतः स्कूटरवरून मासळी नेतात त्यांनीही आपले आकडे द्या, स्कूटरलाही हाच नियम लागू आहे.

आपला,
सेक्रेटरी